मयतीच्या वाटेवरचे फलक आणि राजारामपुरीतले सहा रविवार

पत्रकावर संस्थेचे नाव नव्हते. ‘न पटणारे बोलणे आणि कायदा : सहा रविवार, सकाळी साडेआठ ते अकरा’ एवढीच ओळ, त्याखाली राजारामपुरीतल्या एका गल्लीचा पत्ता आणि शुल्क बाराशे रुपये. कोल्हापुरात त्या वेळी मिसळीच्या दुकानांबाहेर रांगा लागलेल्या असतात, तेव्हा बाराशे रुपये मोजून कायद्याच्या वर्गाला माणसे येतील यावर माझा विश्वास नव्हता. पहिल्या रविवारी आम्ही सत्तावीस जण होतो आणि शेवटच्या रविवारी एकोणीस उरलो. अशा वर्गासाठी हे प्रमाण चांगलेच म्हणावे लागेल. पुढची तुकडी सुरू होणार असल्याचे कळल्यावर दोन-तीन परिचितांनी ‘जावे का’ असे विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी का गेलो हे आधी सांगितले पाहिजे, कारण माझे मत त्या कारणातून आलेले आहे. माझा छपाईचा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, बिलबुके आणि अलीकडे मुख्यतः फ्लेक्स. दोन वर्षांपूर्वी एक तरुण फलकाचा मजकूर घेऊन आला. प्रवचनासाठी येणार असलेल्या एका महाराजांच्या विरोधात तो होता आणि महाराजांना बोल लावता लावता त्यांच्या पंथाच्या उपास्य देवतेलाही त्यात दोन शब्द सुनावले होते. मी तो छापला नाही. छापला असता तर गुन्हा ठरला असता का, हे मला माहीत नव्हते; मी नकार दिला तो दुकानाच्या काचेच्या काळजीने. तो तरुण निघून गेला, पण कायदा आणि काच यांपैकी आपण नेमके कशाला घाबरलो, हा प्रश्न मनात राहिला. या वर्गाने त्याचे निम्मे उत्तर दिले. निम्मे का, ते पुढे येईल.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगतो. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे आणि ज्येष्ठांना त्याचा त्रास झाला. खुर्च्या प्लास्टिकच्या, फळा मोठा, चहा दोन वेळा आणि चांगला. वर्ग घेणारे निवृत्तीला आलेले वकील आहेत. त्यांचे अक्षर वाचता येत नाही, बोलणे मात्र स्वच्छ आहे. वेळेवर सुरू करतात आणि वेळेवर संपवतात, आणि समोरचा माणूस चुकीचे बोलत असला तरी त्याचे वाक्य तोडत नाहीत.

पहिले दोन रविवार अमेरिकेला दिलेले आहेत. पत्रक वाचताना मला ही उधळपट्टी वाटली होती. दुसऱ्या रविवारच्या शेवटी मत बदलले, आणि त्याचे श्रेय वकीलसाहेबांनी निवडलेल्या खटल्याला आहे. मार्च २००६ मध्ये इराकमध्ये मरण पावलेल्या मॅथ्यू स्नायडर या मरीन सैनिकाची अंत्ययात्रा मेरीलँड राज्यातील वेस्टमिन्स्टर या गावी होती. कॅन्सस राज्यातील टोपेका येथील वेस्टबरो बाप्टिस्ट चर्चचा प्रमुख फ्रेड फेल्प्स आपल्या कुटुंबातल्या सहा जणांना घेऊन तिथे गेला. अमेरिका समलैंगिकांना सहन करते म्हणून देव तिला शिक्षा करत आहे आणि सैनिकांचे मरण हा त्याच शिक्षेचा भाग आहे, अशी या पंथाची धारणा. ‘सैनिक मेले, देवाचे आभार’ या अर्थाचे फलक घेऊन ही सात माणसे दफनविधीपूर्वी सुमारे अर्धा तास उभी राहिली. मृत सैनिकाच्या वडिलांना जाताना फलकांचे फक्त वरचे टोक दिसले. त्यांवर काय लिहिले होते ते त्यांनी रात्री दूरचित्रवाणीच्या बातम्यांत वाचले.

वडिलांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. ज्यूरीने १ कोटी ९ लाख डॉलर मंजूर केले, न्यायाधीशांनी ते ५० लाखांवर आणले, अपील न्यायालयाने सगळेच रद्द केले आणि २ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने फेल्प्सच्या बाजूने निकाल दिला. इथे वर्गात जे घडले त्यासाठीच मी म्हणतो की हा वर्ग पुस्तकापेक्षा सरस आहे. शिवाजी पेठेतल्या एका तालमीचे जुने कार्यकर्ते उभे राहिले आणि म्हणाले, “अहो वकीलसाहेब, मयतीला जाऊन असलं बोलायचं, आणि कोर्ट म्हणतंय चालतंय?” वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, “चालतंय असं कोर्ट म्हणत नाही, मामा. वाईट आहे, असंच म्हणतंय. पण वाईट बोलणं आणि दंड करण्याजोगं बोलणं यांच्यामध्ये त्यांनी रेघ कुठं मारली, ते बघू या.”

मग त्यांनी फळ्यावर चर्च, रस्ता आणि सात माणसे काढली. माणसे सार्वजनिक जागेत होती, पोलिसांना आधी कळवून आली होती, चर्चपासून सुमारे १,००० फूट लांब होती, आरडाओरडा आणि धक्काबुक्की नव्हती आणि फलकांवरचा बहुतेक मजकूर देश, लष्कर, धर्मसत्ता अशा सार्वजनिक विषयांवर होता. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या निकालाचा डोलारा या तपशिलांवर उभा आहे. १,००० फूट म्हणजे साधारण ३०० मीटर. आमच्या पेठेत एवढ्या अंतरात दोन तालमी आणि तीन-चार मंडळे बसतात. तेव्हा ‘लांब’ या शब्दाचा अर्थ गावागणिक बदलतो, हे कोणी न सांगता सर्वांच्या लक्षात आले.

एक गोष्ट मात्र विचारल्यावरच बाहेर आली. अमेरिकेत सगळेच मोकळे असते, असा समज घेऊन पहिल्या रविवारी निम्मा वर्ग घरी गेला होता. प्रत्यक्षात त्याच निकालात नोंद आहे की ४४ राज्यांत आणि केंद्रीय पातळीवर अंत्ययात्रेजवळच्या निदर्शनांवर बंधने घालणारे कायदे होते, आणि मेरीलँडनेही त्या घटनेनंतर तसा कायदा केला. वेळ, जागा आणि रीत यांवर बंधन घालता येते; मजकूर आवडला नाही म्हणून घालता येत नाही. ही गोष्ट पहिल्याच तासाला सांगायला हवी होती. न्यायमूर्ती अ‍ॅलिटो यांचे एकट्याचे भिन्नमतही वकीलसाहेबांनी पाच मिनिटांत आटोपले. बोलायला साऱ्या देशात जागा असताना शोकात बुडालेल्या एका खासगी माणसावरच शब्दांचा हल्ला करण्याचा परवाना राज्यघटना देत नाही, असे अ‍ॅलिटो यांचे म्हणणे आहे. बाप म्हणून मला ते आजही पटते. छापखान्यात बसलो की रॉबर्ट्स जवळचे वाटतात.

दुसऱ्या रविवारी १९४० चा कँटवेल खटला झाला. न्यू हेवन शहरात कॅथलिक वस्तीच्या रस्त्यावर जेसी कँटवेल या यहोवाच्या साक्षीदार पंथाच्या तरुणाने दोन वाटसरूंना थांबवले, त्यांची परवानगी घेऊन फोनोग्राफवर एक तबकडी लावली आणि तीत त्यांच्याच धर्मसंस्थेवर जहरी टीका ऐकवली. त्यांना मारावेसे वाटले. त्यांनी जायला सांगितले आणि तो निघून गेला. शांतताभंगाबद्दल त्याला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने एकमताने रद्द केली. श्रद्धेच्या क्षेत्रात एकाचे तत्त्व दुसऱ्याला ढळढळीत चूक वाटते आणि समजावण्याच्या भरात माणसे अतिशयोक्तीवर व निंदेवरही उतरतात, हे त्या निकालात मान्य केलेले आहे. तो सांगितल्याबरोबर निघून गेला, या लहानशा तपशिलावर वर्गात जवळजवळ पाऊण तास चर्चा झाली, आणि तो वेळ सत्कारणी लागला.

तिसऱ्या रविवारी आपला कायदा आला आणि वर्गाचा सूर बदलला. अनुच्छेद १९(१)(क) भाषणाचे स्वातंत्र्य देतो आणि १९(२) कोणत्या कारणांसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात त्याची यादी देतो. वकीलसाहेबांनी ती यादी आम्हाला मोठ्याने वाचायला लावली आणि विचारले, यात ‘धार्मिक भावना’ हे शब्द कुठे आहेत? कुठेच नाहीत. मग भावना दुखावल्याचा गुन्हा घटनेत बसतो कसा? तो ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ या दारातून आत आला. भारतीय दंड संहितेचे कलम २९५अ रामजीलाल मोदी खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले, ते याच तर्काने: धर्माचा प्रत्येक अपमान गुन्हा नाही, तर जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान गुन्हा आहे, आणि अशा अपमानाचा कल सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याकडे असतो. संपूर्ण सहा रविवारांत मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट ही. अनवधानाने, निष्काळजीपणे किंवा वाईट हेतू नसताना बोललेले या कलमात येत नाही, आणि तरीही गावात बहुतेक भांडणे ‘आमच्या भावना दुखावल्या की नाही’ एवढ्याच प्रश्नावर होतात. हेतू कोणी विचारत नाही.

या कलमाचा जन्मही त्यांनी नीट सांगितला. लाहोरमध्ये १९२४ साली निघालेल्या एका निनावी पुस्तिकेत पैगंबरांची टवाळी होती. तेव्हाच्या कायद्यात ती बसत नाही म्हणून लाहोर उच्च न्यायालयाने प्रकाशक राजपाल यांना १९२७ साली मुक्त केले, त्यावरून मोठा क्षोभ झाला आणि त्याच वर्षी कलम २९५अ आले. राजपाल यांचा १९२९ साली खून झाला. यावर मी एक गोष्ट विचारली आणि ती वर्गाच्या आखणीत नव्हती, हे मला खटकले. ज्या १९२७ साली हे कलम आले, त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे गं. नी. सहस्रबुद्धे होते. एखाद्या समाजाला पवित्र वाटणारा ग्रंथ सर्वांसमोर जाळणे यापेक्षा झोंबणारा धार्मिक निषेध महाराष्ट्रात दुसरा झालेला नाही. मराठी माणसाला हा विषय शिकवायचा तर वेस्टमिन्स्टरच्या आधी महाड यायला हवे. वकीलसाहेबांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतले.

चौथा रविवार तमिळ समाजसुधारक रामस्वामी नायकर अर्थात पेरियार यांचा. १९५३ साली त्यांनी तिरुचिरापल्लीला जाहीर सभेत गणपतीची मातीची मूर्ती फोडली. कनिष्ठ न्यायालयांचे म्हणणे पडले की प्रतिष्ठापना न झालेली मातीची मूर्ती ही ‘पवित्र वस्तू’ ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली हा अर्थ अमान्य केला: एखाद्या वर्गाला पवित्र वाटणारी वस्तू कितीही साधी असो, तिची पूजा झालेली असो वा नसो, ती पवित्र वस्तूंच्या विटंबनेच्या कलम २९५ मध्ये येऊ शकते, मात्र घटनेला बराच काळ लोटला होता म्हणून प्रकरण पुन्हा चालवायला न्यायालयाने नकार दिला. यावर बापट कॅम्पातल्या कुंभार घरातली एक तरुणी जे बोलली, त्यासाठी मी अर्धे शुल्क पुन्हा भरायला तयार आहे. ती म्हणाली, “सर, आमच्याकडं सोंड वाकडी आली, हात निखळला, तर ती मूर्ती आम्ही फोडूनच परत मातीत घालतो. हंगामात रोज. आमच्यावर कुणी गुन्हा घालत नाही. तीच मूर्ती कुणी चौकात नेऊन फोडली तर?” माती तीच, मूर्ती तीच, फोडणेही तेच. हेतू म्हणजे काय हे वकीलसाहेब तासभर समजावत होते. तिच्या प्रश्नानंतर त्यांनी खडू खाली ठेवला. नाव पेरियारांचे असले तरी तो रविवार तिचाच झाला.

पाचवा रविवार व्यवहाराचा होता आणि ज्यांना वेळ नाही त्यांनी निदान एवढा एक चुकवू नये. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहिता गेल्या. कलम २९५अ आता भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंतची, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी सरकारची पूर्वमंजुरी लागते, पण गुन्हा नोंदवायला आणि अटक करायला ती लागत नाही. म्हणजे खटला उभा राहील की नाही हे ठरण्याच्या कितीतरी आधी माणूस कोठडी पाहून येतो. कवी आणि खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भाषणाविषयीच्या अशा तक्रारींत गुन्हा नोंदवण्यापूर्वी फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली प्राथमिक चौकशी करणे योग्य ठरेल, आणि शब्दांचे मोजमाप खंबीर, समंजस माणसाच्या नजरेने करावे, क्षणोक्षणी असुरक्षित वाटणाऱ्याच्या नजरेने नव्हे. गुन्हा रद्द करून घ्यायचा तर पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, कोल्हापुरातच बसते, हा फरक खिशाला कळणारा आहे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे वाचनही इथेच झाले. सणासुदीला वर्तमानपत्रात ‘जमावबंदी आदेश लागू’ अशी चौकट येते, ती आपण हवामानाच्या अंदाजासारखी वाचून सोडतो. त्या कलमात प्रतिमा किंवा प्रेत यांचे जाहीर प्रदर्शन, घोषणा, हावभाव यांचासुद्धा उल्लेख आहे आणि पाच किंवा अधिक माणसांचा जमाव त्याखाली रोखता येतो, हे माझ्यासारख्या फलक छापणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. निदर्शनाच्या परवानगीचा अर्ज कसा लिहावा, पोच का घ्यावी, नकार लेखी का मागावा, याचे नमुने त्यांनी दिले. नमुने उत्तम आहेत. मी ते लॅमिनेट करून गल्ल्याजवळ ठेवले आहेत.

आता तक्रार. सहाव्या रविवारचा विषय पत्रकावर ‘आपले गाव’ असा होता आणि तोच सर्वांत फिका निघाला. वेदोक्त प्रकरण झाले, छत्रपती शाहू महाराजांनी पुरोहितशाहीशी घेतलेला झगडा झाला, १९११ साली कोल्हापुरात स्थापन झालेला सत्यशोधक समाज झाला, जलशांतल्या भटजींच्या नकला झाल्या. हे सगळे खरे आहे आणि आम्हाला अभिमानाचे आहे. पण ते आता कोणालाच झोंबत नाही. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच शहरात सकाळी फिरून परतताना गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले, याला वकीलसाहेबांनी तीन वाक्ये दिली. ७ जून २०२३ ला समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून शहर बंद झाले, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक आणि लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावे लागले, याला त्यांनी ‘तो विषय नाजूक आहे’ एवढे एकच वाक्य दिले.

नाजूक आहे म्हणूनच तर बाराशे रुपये भरले होते. स्टेटस ठेवणे कायद्याच्या कोणत्या बाजूला पडते, यावर माझे काही ठाम मत नाही. पण त्यानंतर ज्यांच्या काचा फुटल्या, त्यांनी स्टेटस ठेवले होते का? आणि चिडलेला जमाव पाहून गप्प कोणाला करायचे, बोलणाऱ्याला की जमावाला, याचे उत्तर तर वर्गातच दिले गेले होते. एका तमिळ चित्रपटावरून झालेल्या एस. रंगराजन खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की विरोधी जमाव आवरता येत नाही, ही सबब राज्याला पुढे करता येणार नाही; तो आवरणे हे राज्याचे बंधनकारक कर्तव्य आहे. हा निकाल चौथ्या रविवारी शिकवला आणि सहाव्या रविवारी तो शिवाजी चौकात आणून उभा केला नाही. परक्या गावच्या मयतीवर आम्ही दोन रविवार निर्भयपणे बोललो. आपल्या चौकाशी आल्यावर आवाज उतरला. वकीलसाहेबांची अडचण मला समजत नाही असे नाही. सभागृह भाड्याचे आहे, खाली दुकाने आहेत आणि त्या दुकानांनाही काचा आहेत. माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले नाही, ते इथे.

पुस्तिकेबद्दलही सांगायला हवे. ऐंशी पानांची छायाप्रत, बांधणी सैल, आणि पहिल्या साठ पानांत सगळीकडे जुनेच कलम क्रमांक. वर्गात तोंडी दुरुस्ती होते, पण नवा माणूस घरी वाचताना गोंधळेल. निकालांचे मराठी भाषांतर वाचवत नाही. एका वाक्यात सात वेळा ‘सदरहू’ आले आहे. हीच पुस्तिका मी निम्म्या किमतीत नीट जुळवून छापून देईन, असे मी त्यांना सांगितले आहे, आणि ही जाहिरात समजली गेली तरी हरकत नाही.

पाचपैकी साडेतीन गुण. सहावा रविवार नीट झाला असता तर साडेचार दिले असते. जिन्याचा अर्धा गुण तरीही कापलाच असता. वकिली शिकणारे विद्यार्थी, मंडळांचे कार्यकर्ते, पत्रकार आणि माझ्यासारखे फ्लेक्सवाले यांनी जावे. आपल्याच धर्माची बाजू बळकट करून घ्यायला जाणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. आमच्यातले जे आठ जण मध्येच गळाले, त्यांतले बरेचसे असेच होते.

पुढच्या तुकडीत मी माझ्या भाच्याचे नाव घातले आहे. पैसे भरताना वकीलसाहेबांना विचारले, सहाव्या रविवारी यंदा शिवाजी चौक येणार का. ते म्हणाले, “बघू या.” मी पावती घेतली आणि तिच्या मागे त्यांच्यासमोरच ‘बघू या’ असे तारीख घालून लिहून ठेवले.